आश्रमशाळेत मुलांच्या तब्येतीचं आणि खेळाचं काम सुरू करायचंय? पेठ-सुरगाण्याकडं निघायच्या आधी हे वाचा

नाशकात रनिंग ग्रुप आहेत, सायकलवाले आहेत, डॉक्टर मंडळी आहेत, कॉलेजातली एनएसएसची पोरं आहेत, आणि यातल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटत असतं की पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आश्रमशाळेत जाऊन मुलांच्या तब्येतीसाठी काहीतरी करावं. परवानगी कुणाची घ्यायची, काय न्यायचं, पहिल्या दिवशी करायचं काय, हे विचारायला फोन येत असतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय. आम्ही मित्रमंडळी हे काम बरेच दिवस करतोय, त्यामुळं कुठं अडतं ते माहितीये.

बाकी सगळं ज्यावर उभंय ते आधीच सांगतो. या मुलांना पळायला शिकवायची गरज नाहीये. डोंगर चढून-उतरून, पाणी भरून, गुरांमागं हिंडून ती मोठी झालीत. बघायचं ते हे की अंगात रक्त आहे का, पोटात जंत आहेत का, ताटात काय पडतंय, खाजेमुळं रात्री झोप मोडते का. ते मार्गी लागलं की रोज मनसोक्त खेळायला मिळेल एवढी सोय लावायची. आधी तब्येत, मग फिटनेस. आणि एका दिवसाचा कॅम्प नको, आठवड्याचा नेम हवा. वर्षातून एकदा जाऊन टी-शर्ट वाटून फोटो काढून यायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

१. शाळा कोणाची आहे ते आधी कळू द्या

बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात पण कारभार वेगवेगळा. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. अनुदानित आश्रमशाळा संस्था चालवते आणि सरकार अनुदान देतं. एकलव्य निवासी शाळा ही केंद्राची योजना, त्यांचे नियम अजून वेगळे. आणि गावातली जिल्हा परिषदेची शाळा, जिथं मुलं संध्याकाळी घरी जातात.

जिल्ह्यात आदिवासी विकासची दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, नाशिक आणि कळवण. पेठ, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे नाशिक प्रकल्पात येतात, सुरगाणा, कळवण, बागलाण हे कळवणला. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच गडकरी चौकात आहे म्हणून लोक सुरगाण्याच्या शाळेसाठी तिथं अर्ज घेऊन जातात आणि तिथून कळवणला पाठवलं जातं, दिवस वाया जातो.

सुरुवातीला एकच शाळा घ्या. नाशकाहून दीड-दोन तासात पोचता येईल अशी. पेठ साधारण ५५ किलोमीटर आहे, मध्ये सावळघाट लागतो, पावसाळ्यात तिथं धुकं आणि ट्रकांची रांग दोन्ही असतं. सुरगाणा त्याहून बरंच लांब. एसटीनं जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी कितीची ते जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

२. परवानगी आणि कागद

शासकीय किंवा अनुदानित आश्रमशाळेसाठी अर्ज प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावानं द्यायचा, अनुदानित असेल तर संस्थेचं पत्रही जोडायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं. मुख्याध्यापक तोंडी "या की" म्हणाले म्हणून जाऊ नका, उद्या त्यांची बदली झाली की तुमचं काम तिथंच थांबतं. लेखी परवानगी घ्या आणि तिची झेरॉक्स कायम गाडीत ठेवा.

फाईलीत एवढं लागतं:

- अर्ज आणि एका पानाचं नियोजन: कोणता वार, किती वाजता, काय करणार, कोण येणार
- संस्था असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र, नसेल तर प्रत्येकाचं आधार आणि फोटो
- येणाऱ्या प्रत्येकाचा पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला (ऑनलाइन अर्ज करता येतो, वेळ लागतो, आधीच करा)
- डॉक्टर असतील तर त्यांच्या नोंदणीची प्रत
- पालकांच्या संमतीचा नमुना, साध्या मराठीत
- मुलांच्या वर्गवार याद्या, या शाळेकडून घ्यायच्या

पडताळणीच्या दाखल्याला लोक कंटाळा करतात, "आम्ही काय गुन्हेगार आहोत का" म्हणतात. पण ही निवासी शाळा आहे, मुलं आईबापांपासून लांब राहतात. कुठलाही मोठा माणूस मुलासोबत एकटा खोलीत नको, मुलींच्या वसतिगृहात पुरुषांनी जायचं नाही, मुलांचे नंबर घेऊन परस्पर मेसेज करायचे नाहीत. हे पहिल्याच मीटिंगला सगळ्यांना सांगा. आणि एखाद्या मुलानं काही त्रास होत असल्याचं सांगितलं तर ते पोटात ठेवता येत नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

संमतीपत्रासाठी बाजाराचा दिवस किंवा सुट्टीला मुलांना न्यायला-सोडायला पालक येतात तो दिवस धरा. नुसता अंगठा घेऊन मोकळे होऊ नका, वाचून दाखवा. रक्त काढणार का, कशाला काढणार, हा प्रश्न हमखास येतो आणि तो विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

३. पहिला महिना फक्त तपासणीचा

इथं घाई करू नका, हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ पासून चालू आहे. त्यात डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स अशी फिरती टीम वर्षातून एकदा शाळेत येते, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते, आणि पुढचे उपचार, अगदी हृदयाचं ऑपरेशन लागलं तरी, मोफत होतात. म्हणजे तुम्ही वेगळी तपासणी उभी करायची गरजच नसते. तालुक्याच्या टीमची तारीख विचारा आणि त्या दिवशी मदतीला जा. रांग लावणं, नावं लिहिणं, मुलांना धीर देणं. आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण टीमनं ज्यांना "सिव्हिलला दाखवा" लिहिलं त्यातली किती मुलं खरंच जातात? पालक मजुरीला गेलेले, शाळेकडं सोबत द्यायला माणूस नाही. ती यादी हातात घेऊन एकेका मुलाला दवाखान्यात पोचवणं एवढं जरी वर्षभर केलंत तरी खूप मोठं काम झालं.

उंची-वजन तुम्ही घेऊ शकता पण नीट घ्या. काटा कडक सपाट फरशीवर, सतरंजीवर नाही. चप्पल काढून, स्वेटर काढून. उंचीला टाचा, पाठ, डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे, नजर समोर, मुलींचा अंबाडा किंवा रबर सोडवायचा, नाहीतर दोन-दोन सेंटीमीटर उंची वाढते. दोनदा मोजा आणि फरक आला तर तिसऱ्यांदा.

यात दोन ठिकाणी सगळे फसतात. एक, मोबाइलच्या ॲपमध्ये बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, काढतात आणि १८.५ च्या खाली आला की पोराला कुपोषित म्हणून मोकळे होतात. तो आकडा मोठ्या माणसांचा आहे. ५ ते १९ वर्षांच्या मुलांना जागतिक आरोग्य संघटनेचे वयानुसार तक्ते असतात, मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा. दहा वर्षांच्या मुलाचा १६ च्या आसपासचा बीएमआय एकदम नॉर्मल असतो. दोन, वय. रजिस्टर उघडून बघा, बऱ्याच मुलांची जन्मतारीख १ जून दिसेल, कारण नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं तीच टाकलेली असते. वय चुकलं की तक्ताही चुकतो. शक्य तिथं अंगणवाडीची नोंद किंवा लसीकरणाचं कार्ड मागा.

हिमोग्लोबिन तपासणी आरोग्य विभागाच्या माणसांकडूनच. ५ ते ११ वर्षांना ११.५ च्या खाली कमी समजतात, १२ ते १४ ला १२ च्या खाली, आणि या वयांत ८ च्या खाली गेलं की तो तीव्र ॲनिमिया, त्या मुलाला मैदानावर नाही, आधी दवाखान्यात न्यायचं.

आता सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. आपल्या आदिवासी पट्ट्यात तो आहे, आनुवंशिक आहे, आणि खेळाशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात धरलीये. आधी साधी सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी करून कळतं की मूल वाहक आहे (आजाराचा दोष एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण (दोघांकडून आलेला). वाहक मूल एरवी ठणठणीत असतं, खेळू द्या, फक्त उन्हातान्हात पाण्यावाचून ताणू नका. रुग्ण मुलाला मात्र अंगातलं पाणी कमी झालं, फार दमलं, थंडीत कुडकुडलं की हातपाय, पाठ, छाती असह्य दुखायला लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. मूल मैदानाच्या कडेला गुडघे चोळत बसतं आणि आपल्याला वाटतं आळस करतंय. कुठल्याही मुलाला "ऊठ, नाटकं नको करू" म्हणायचं नाही, हा नियमच करून टाका. रुग्ण मुलानं किती खेळायचं ते डॉक्टरांना विचारा, लोहाची गोळी द्यायची का तेही तेच सांगतील.

रिपोर्ट कुणाचा काय आला हे वर्गात मोठ्यानं वाचायचं नाही. मूल, पालक, मुख्याध्यापक, अधीक्षक, बास.

४. गोळ्या

लोहाची गोळी १० ते १९ वर्षांना निळी, ५ ते ९ ला गुलाबी, आठवड्यातून एकदा. साठा शाळेत असतो, अडतं ते गिळण्यावर. मुलं गालात ठेवतात आणि बाहेर जाऊन थुंकतात, कारण आदल्या वेळी मळमळलेलं असतं. गोळी जेवणानंतरच द्या, उपाशीपोटी कधीच नाही, चहाबरोबर नाही कारण चहानं लोह अंगी लागत नाही. शी काळी होईल हे आधीच सांगा, नाहीतर पोरं घाबरतात आणि गोळीचं नाव सगळ्या वसतिगृहात खराब होतं. आणि सरांनी, मॅडमनी मुलांसमोर स्वतः एक घ्यायची, योजनेतच तसं सांगितलंय आणि त्याचा फरक पडतो.

जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला. चावून खायची. त्या दिवशी आजारी असेल त्याला नंतर.

५. ताट बघा, पण स्वयंपाकघरात साहेबासारखं शिरू नका

मेनूचा तक्ता भिंतीवर असतो. तो वाचा, मग मुलांबरोबर पंगतीत बसून जेवा. मावशी आणि कामाठी मामा पहाटेपासून शेकडो पोरांचं रांधतात, त्यांना नावं ठेवून काही होत नाही, त्यांच्याशी ओळख झाली तर डाळ घट्ट होते, शेवटच्या रांगेतल्या बारक्या पोरांनाही भाजी पुरते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराचं माप ठरलेलं आहे, पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम.

तुम्हाला काही द्यायचंच असेल तर बिस्किटं, चॉकलेट, प्रोटीन पावडर, रंगीत एनर्जी ड्रिंक यातलं काहीही नको. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, केळी, उकडलेली अंडी. नागली, म्हणजे नाचणी, तर इथलीच आहे, १०० ग्रॅममागं ३४० मिलिग्रॅमच्या पुढं कॅल्शियम असतं तिच्यात, आणि तरी पोरांना ती गरिबाची भाकर वाटायला लागलीये, याचं मला फार वाईट वाटतं. नागलीचे लाडू, उडदाचं भुजं, पावसाळ्यात करटोली, कुर्डू, टाकळा, हे सगळं मुलांना ओळखता येतं, त्यांच्याकडून शिका. शाळेच्या आवारात शेवगा, पपई, लिंबू लावून घ्या, गोळीच्या दिवशी जेवणात लिंबू असलं की लोह जास्त अंगी लागतं.

६. मैदान आणि सामान

आधी मैदान झाडून काढा, काटे, काचा, दगड. मुलांना घेऊनच करा. मग मोजपट्टीनं मोजून फक्की मारा. सामान थोडकं:

- दोरीवरच्या उड्यांच्या दोऱ्या भरपूर
- खो-खोचे खांब (गावातच सुताराकडून होतात)
- चेंडू, शिट्टी, स्टॉपवॉच, मोजपट्टी, फक्की
- प्रथमोपचाराची पेटी, क्रेप बँडेज आणि मीठ-साखरेची पाकिटं जास्त
- पाण्याचा पिंप आणि ओगराळं, मैदानाच्या कडेला, वर्गात नाही

बूट वाटायचे असतील तर सगळ्यांना वाटा, नाहीतर नको. निवडक दहा पोरांना दिलेत तर बाकीची खेळायलाच येत नाहीत. आणि अनवाणी पळणाऱ्या मुलाला नव्या बुटात पहिल्याच दिवशी पळवलं तर टाचांना फोड येणारच, आधी आठवडाभर नुसतं चालू दे.

७. रोजचा तास

५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आश्रमशाळेत संध्याकाळचा खेळाचा वेळ असतोच, तोच पकडा, नवीन वेळ मागू नका. तुम्ही आठवड्यातून एकदा जाणार, बाकीचे दिवस कोण घेणार? म्हणून आठवी-नववीची चुणचुणीत पोरं-पोरी निवडा, त्यांना शिकवा, प्रत्येकाकडं बारक्यांचा एक गट द्या. पहिली-दुसरीतली मुलं घरी कोकणा, वारली बोलतात, तुमची पुस्तकी मराठी त्यांना निम्मीच कळते, मोठी मुलं ते काम सहज करतात.

सुरुवातीला दहा मिनिटं अंग मोकळं करणं, मग खेळ: खो-खो, लंगडी, आट्यापाट्या, लगोरी, कबड्डी. शेवटी पाच मिनिटं ताण देणारे व्यायाम आणि सगळ्यांनी पाणी. मधेही पाणी, मागायची वाट न बघता. पावरीवर (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाचणारी पोरं असतील तर एक दिवस नाचाचाच ठेवा, अर्धा तास नाचून बघा म्हणजे कळेल काय दम लागतो. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात पाऊस हटत नाही, तेव्हा व्हरांड्यात दोऱ्या, सूर्यनमस्कार, जोर-बैठका. पावसात भिजवून नंतर ओल्या कपड्यात बसवायचं नाही, वाळवायला जागाच नसते.

८. चाचणी घ्या पण शर्यत करू नका

फिट इंडिया २०१९ ला सुरू झालं, त्याच्या चाचण्या शाळांसाठी ठरलेल्या आहेत. लहान वर्गांना एका पायावर तोल सांभाळणं आणि हाताच्या चपळाईची चाचणी. चौथीपासून पुढं ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं-चालणं, बसून पुढं वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर. वर्षातून दोनदा पुरे, दिवाळीआधी आणि फेब्रुवारीत. रक्त कमी असलेल्या आणि सिकलसेलच्या मुलांना ६०० मीटरमधून वगळा, त्यांच्याकडं घड्याळ द्या, नोंदी द्या, म्हणजे ती वेगळी पडत नाहीत.

कविता राऊत याच मातीतली, हरसूलजवळच्या सावरपाड्याची. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिचं नाव मुलांना जरूर सांगा, डोळे चमकतात. पण दुसरी कविता शोधायच्या नादात पहिल्या दहा जणांवरच लक्ष गेलं की कार्यक्रम बिघडला समजा. चांगलं पळणारं पोर आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तर, विभागस्तर स्पर्धांमधून पुढं जातंच. तुमचं लक्ष शेवटून दहाव्यावर पाहिजे.

९. खरूज, ताप, पाळी

खरूज एका पोराला झाली की पंधरा दिवसांत अख्ख्या खोलीला. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ आणि रात्री जास्त खाज. एकट्याला मलम लावून उपयोग नाही, डॉक्टरांच्या सल्ल्यानं खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री मलम आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. हे एका रविवारी ठरवून करा.

ताप असलेल्या मुलाला खेळवायचं नाही. साप चावला, धाप लागली, छातीत दुखलं तर १०८. नेटवर्क कुठल्या कोपऱ्यात येतं ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा, आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं तेही. धनुर्वात-घटसर्पाची लस १० आणि १६ व्या वर्षी असते, अनवाणी खेळणाऱ्या मुलांची ती राहिली नाही ना बघा.

मुलींशी पाळीबद्दल बोलायला बाईमाणूसच हवं, अधीक्षिका मॅडमना बरोबर घेऊन. पॅड वाटण्याआधी संडासाला आतून कडी आहे का, आत पाणी येतं का, वापरलेलं टाकायला झाकणाची बादली आहे का ते बघा. मैदानावर मुली का येत नाहीत याचं उत्तर बऱ्याचदा तिथंच असतं.

१०. शाळेचं आणि घरचं वेळापत्रक

दिवाळीनंतर सुरगाणा-पेठकडची माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला येतात, काही मुलं सोबत जातात. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला, होळीला शाळा रिकामी होते. त्या दिवसांत चाचणी, शिबिर काही ठेवू नका. परत आलेल्या मुलांचं वजन मात्र आवर्जून घ्या.

अर्ज एप्रिलात द्या म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताच सुरू करता येतं. नोंदींचं रजिस्टर शाळेतच राहू द्या, तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही, आणि मुलांची वजनं, रिपोर्ट, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. दहावी-बारावीची मुलं शाळा सोडून जातात तेव्हा सिकलसेलचं कार्ड दाखल्याबरोबर त्यांच्या हातात द्या, कपाटात पडू देऊ नका. आणि वाहक म्हणजे काय ते मुलाला आणि घरच्यांना बसवून समजावून सांगा, दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरवताना दोन्हीकडची कार्डं बघून घ्या म्हणावं, आणि लग्न झालेलंच असेल तर दिवस गेल्या गेल्या आशाताईंना कार्ड दाखवा.